उंदराला चारलेली गोळी

चौसष्ट साली कोरीटच्या वत्सलाबाईची पाठोपाठ दोन लेकरं गेली, अन् तिची भूक, झोप, बोलणं सगळंच आटलं. नंदुरबारच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या अन् सांगितलं, "तीन आठवडे नेमानं घ्या, आधी गुण येणार नाही." पण गोळीनं डोकं फिरलं तर, या धाकानं ती गोळी घेईना.

त्या घरात उंदीर मारत नसत. लाकडी पिंजऱ्यात धरून शिवेबाहेर सोडत. असाच एक धरलेला उंदीर तिनं शिवेवर नेला, दार उघडलं, तर तो कोपऱ्यातच बसला. "हाऊ मन्हागतच शे," हाही आपल्यासारखाच, म्हणत तिनं त्याला घरी आणलं. एक गोळी फोडून रोज भाकरीत तिचा कण चारू लागली.

सासू म्हणाली, "उंदीर पाळी ऱ्हायनी का वं?"

"सोडसू, आत्याबाई. त्याला जावंसं वाटू द्या."

बाविसाव्या दिवशी पिंजऱ्याची फळी कुरतडून उंदीर पळाला. जाता जाता सरकीचं पोतंही फोडून गेला. सासू दुपारपर्यंत बोलत राहिली. वत्सलाबाईनं फळीच्या भोकात बोट घालून पाहिलं, मग पहिली गोळी पाण्यासोबत गिळली अन् सांडलेली सरकी भरायला बसली. हात कालच्यासारखेच जड होते.