ईरम्मांचा मळखाऊ रंग

मोरपंखी, आमसुली, डाळिंबी अशी देखणी नावं रंगांना देणाऱ्या मराठीनं एका रंगाला मात्र त्याच्या कामावरून नाव दिलं: मळखाऊ. तो तपकिरी नव्हे, करडाही नव्हे. मळल्यावर जसा दिसायचा तसा तो आधीपासूनच दिसतो. इतका प्रामाणिकपणा माणसांतही क्वचितच आढळतो.

सोलापुरात या रंगाच्या थोर उपासक म्हणजे मंगळवार पेठेतल्या ईरम्मा. गिरण्यांच्या धुराड्यांतून काजळी यायची, रस्त्यावरून धूळ, आणि नवरा कल्लप्पा भुसाराच्या दुकानातून दोन्हींचा वाटा अंगावर घेऊन घरी यायचा. धुणं ईरम्मांनाच, आणि पाणी बेताचं. म्हणून लुगडी, अंगरखे, पडदे, उश्यांचे अभ्रे, सगळं एकाच रंगाचं. तिन्हीसांजेला दिवा लागेपर्यंत त्या घरात कोण कुठं बसलंय ते कळत नसे.

कापड घेताना त्या दुकानाच्या पायरीवरची माती बोटावर घेऊन कोपऱ्याला चोळत. माती दिसेनाशी झाली की सौदा पक्का. त्या लांबून दिसल्या, की कापडवाले विरुपाक्षअण्णा उंची माल आधी झाकून घेत.

एकतीस साली मुलीचं, दाक्षायणीचं लग्न ठरलं. तिला हवं होतं मोतिया रंगाचं लुगडं.

"अव्वा, जन्मात एकदा तरी मला माणसांना दिसू दे की!"

"दिसशील. अन् डागबी दिसतील."

घरात अबोला चालला. शेवटी दोघी दुकानात गेल्या. अण्णांनी भीतभीतच मोतिया लुगडं उलगडलं.

"अक्का, ह्याला माती लावायची न्हाय हं."

दाक्षायणीनं ते खांद्यावर धरलं. ईरम्मा बराच वेळ बघत राहिल्या. मग पाणी मागून त्यांनी पायरीवर कोपरापर्यंत हात धुतले, पदराला पुसले, आणि मगच काठाला बोट लावलं.

"बांधा," म्हणाल्या.

लग्नात त्या मुलीपासून चार हात लांबच वावरल्या. आमटी वाढणारा जवळ आला की, "तिकडनं जा की, मेल्या!" सासरी निघताना त्यांनी तिची ओटी भरली, तोच दाक्षायणी रडत गळ्यात पडली. ईरम्मांनी हळदीचे हात क्षणभर वरच धरले. मग पाठीवर टेकले. मोतिया रंगावर दोन पिवळे पंजे लख्ख उमटले.

"बघ, म्हटलं नव्हतं?" त्या म्हणाल्या, आणि तिला सोडेनात.