दोन मिनिटांचे शकीलभाई

"बोला शकीलभाई, दोन मिनिटं आहेत," मी म्हणालो आणि टेबलावरचं वाळूचं घड्याळ उलटं केलं.

"सलाम जोशीसाहेब. गुडघा कसाय? जिना चढता येतो का नाय?"

"बरा आहे."

"तेल कोमट करून लावत जा. भाभींचं बीपी? बिटियाच्या सासरी सगळं खैरियत ना? आन् तुमचे मामा पडले होते, ते उठून बसले का?"

वाळू संपली. "शकीलभाई, वेळ झाली. नंतर बोलू," म्हणून मी फोन ठेवला आणि रजिस्टरमध्ये नोंद केली : विषय – खुशाली. वाचलेला वेळ – आठ मिनिटं.

मी चिकलठाण्यातल्या एका कारखान्यात पर्चेस मॅनेजर आहे. ट्रॅक्टरच्या गिअरमध्ये बसणाऱ्या लोखंडी पिना आम्ही बनवतो. त्या कडक करण्यासाठी, म्हणजे हार्डनिंगसाठी, शकीलभाईंच्या शेडमध्ये जातात. तिथं त्या भट्टीत तापवून तेलात बुडवतात. चकलीसारखंच आहे हे. आच कमी पडली तर वरून रंग छान येतो, पण आत मऊ राहते. अठरा वर्षं हे काम शकीलभाई करताहेत, आणि अठरा वर्षं ते फोनवर आधी माझ्या घरादाराची विचारपूस करून मग कामावर येताहेत.

ही सवय मोडायचं कारण आमचे नवे प्लांट हेड नाईकसाहेब. पर्चेसचे लोक दिवसभर फोनवर असतात हे त्यांना खुपलं. त्यांनी ट्रेनिंग ठेवलं आणि शेवटी प्रत्येकाला एकेक वाळूचं घड्याळ दिलं. नियम तीन. फोन फक्त अकरा ते बारा घ्यायचे. एका फोनला दोन मिनिटं. प्रत्येक फोनची रजिस्टरमध्ये नोंद. बाकीच्यांनी घड्याळ पेपरवेट म्हणून वापरायला काढलं. मी मुळातच शिस्तीचा माणूस. घरी याला वेगळा शब्द आहे, तो इथं नको.

त्या दिवशी शकीलभाईंचा दहा मिनिटांनी पुन्हा फोन आला. या वेळी मामांपासून सुरुवात करून ते माझ्या दिवंगत वडिलांपर्यंत पोचले. वाळू पुन्हा संपली, आणखी आठ मिनिटं वाचली. तिसरा फोन दुपारी तीनला आला. ती फोनची वेळ नव्हती, म्हणून मी घेतला नाही. रजिस्टरमध्ये लिहिलं : वेळेबाहेर. वाचलेला वेळ – दहा मिनिटं. त्या आठवड्यात सगळ्यात जास्त वेळ मीच वाचवला, आणि नाईकसाहेबांनी मीटिंगमध्ये सर्वांना माझं रजिस्टर उघडून दाखवलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

पुढच्या आठवड्यात पुण्याच्या कस्टमरचा मेल आला. पिना मऊ निघाल्या होत्या. पूर्ण लॉट परत. आमची माणसं तीन दिवस एकेका पिनेवर कानस फिरवत बसली. कानस घसरली तर पीन कडक, चावली तर मऊ. मऊ पिना सगळ्या एकाच ट्रेमधल्या होत्या.

नाईकसाहेबांनी मला बोलावलं.

"ट्रे कच्चा होता हे सप्लायरला माहीत असणारच. त्यानं कळवलं नाही. नाव काढा लिस्टमधून. उद्या पत्र माझ्या टेबलावर हवं."

शकीलभाईंच्या शेडमध्ये सहा माणसं. काम जवळजवळ सगळं आमचंच. पत्र गेलं की शेडला कुलूप लागणार, हे मला पत्राचा मसुदा लिहितानाच कळत होतं. म्हणून संध्याकाळी तिथं गेलो. खरं तर भांडायलाच गेलो होतो.

"शकीलभाई, एक शब्द सांगायचा होता हो!"

त्यांनी मला स्टूल दिलं. चहा मागवला. मग म्हणाले, "साहेब, भट्टी चालू आसताना लाईट गेली. शेवटचा ट्रे कच्चा आसंल आसा शक होता. दोनदा तुमाला फोन केला. तिसऱ्यांदा केला तवा तुमचा टेम्पो दारात हुभा होता. ड्रायव्हर म्हणं, लाईन थांबंल. म्या म्हटलं, जोशीसाहेब तपासल्याबिगर फुडं पाठवायचे नाय."

आम्ही तपासल्या होत्या. पण फक्त वरच्या ट्रेमधल्या पाच.

"मग फोनवर लगेच का नाही सांगितलं?"

"अशी वाईट खबर एकदम कशी तोंडावर मारायची? आधी मानूस बराय का ते तरी बघावं लागतं ना." चहाचा कप माझ्याकडे सरकवून ते म्हणाले, "जाऊ द्या. तुमाला काम आसंल."

त्यांनी एकदाही माझी चूक काढली नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कारण मला हे माहीत होतं. अठरा वर्षांत मी एक गोष्ट शिकलो होतो : बातमी जितकी वाईट, तितकी शकीलभाईंची विचारपूस लांब. त्या दिवशी ते वडिलांपर्यंत पोचले होते. आणि मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'खुशाली'.

रजिस्टर कुणी पुन्हा उघडलं नसतं. पत्र टाईप करून टेबलावर ठेवलं असतं तर विषय संपला असता. सकाळी क्रांती चौकात सिग्नलला थांबलो, तोवर माझं तसंच ठरलं होतं. पण गेटवर शकीलभाईंचा माणूस पुढच्या लॉटचं विचारायला उभा दिसला. मी वर गेलो आणि पत्राऐवजी रजिस्टर नाईकसाहेबांपुढे ठेवलं.

त्यांनी तिन्ही नोंदी वाचल्या.

"सर, त्यांनी कळवायचा तीनदा प्रयत्न केला. मी अठ्ठावीस... नाही, सव्वीस मिनिटं वाचवली."

"हे आणखी कुणी पाहिलंय?"

"तुम्हीच मीटिंगमध्ये सगळ्यांना दाखवलंत, सर."

नाईकसाहेबांनी रजिस्टर मिटलं आणि पुन्हा उघडलं. नियम बरोबर होता म्हणावं तर रजिस्टर समोर, आणि चुकला म्हणावं तर तो त्यांचा. शेवटी रिपोर्टमध्ये 'कम्युनिकेशन गॅप' असं लिहिलं गेलं. शकीलभाईंचं नाव लिस्टमध्ये राहिलं. मला मेमो मिळाला, म्हणजे लेखी समज. नियम रद्द झाला नाही. कंपनीत नियम रद्द होत नसतात, लोक ते पाळायचं थांबवतात.

परवा बाराच्या सुमारास शकीलभाईंचा फोन आला. गुडघा झाला, भाभी झाल्या, मुलगी झाली. मग त्यांनी विचारलं, "साहेब, तुमच्या शेजारच्यांचं ते कुत्रं बरंय का?"

मी फोनवर हात ठेवला आणि डिस्पॅचला ओरडून सांगितलं, "शकीलभाईंकडे निघालेला टेम्पो थांबवा!"

मग हात काढून म्हणालो, "कुत्रं मजेत आहे. आता भट्टीचं सांगा."