तीन महिन्यांची सुई

कोर्टाच्या व्हरांड्यात वाळ्याचा कूलर होता. त्याचं तोंड जजसाहेबांच्या खोलीकडे होतं, पण मागची ओल आणि वास आमच्याकडे यायचा. मी आणि माझी धाकटी जाऊ भिंतीला पाठ लावून बसायचो, आणि पुकारा व्हायच्या आधी दोघींनाही गुंगी यायची. त्या उन्हाळ्यातलं मला जे आठवतं ते बहुतेक असं अर्ध्या झोपेतलंच आहे. काळे कोट पाण्याखालून चालल्यासारखे समोरून जायचे. जाऊ माझ्या खांद्यावर डोकं टाकायची. डोक्यावरचे केस गेल्यापासून ते हलकं लागायचं.

दावा सुईचा होता. तीन मुली झाल्यावर तिला मूल नको होतं. तिचा नवरा, माझा दीर, ऑपरेशन करू देईना. बाई कामातून जाते म्हणायचा. तेव्हा धंतोलीतल्या एका डॉक्टरीणबाईनं तीन महिन्यांची सुई सांगितली. औषधाची बाटली आपण दुकानातून घ्यायची, दर तीन महिन्यांनी दवाखान्यात टोचून घ्यायची. आम्ही दोघी घरी विड्या वळायचो. सुईनं पाळी थांबली तशी ती पान कातरता कातरता म्हणाली, "बाई, मले तं पाण्यावर तरंगून राहिल्यावानी वाटते." कितीतरी वर्षं ती अशी तरंगली. मग छातीत गाठ आली. कॅन्सर निघाला.

मोठ्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, सुईनं झालं असेल, नसेलही. जाऊनं त्यातलं अर्धंच ऐकलं.

तिला ते अर्धंच पाहिजे होतं. मोठ्या मुलीचं लग्न जुळत आलं होतं. मुलगा वाडीला ट्रकच्या गोदामात कामाला. मुलाच्या आईनं वाडीहून निरोप पाठवला की रोग आईच्या रक्तात आहे, उद्या पोरीत निघाला तर आम्ही काय करायचं? जाऊ म्हणाली, "जजसाहेबानं एकदा म्हणावं का हे सुईनं झालं. मंग माही पोरगी साफ आहे." औषधाच्या कंपनीवर भरपाईचा दावा टाकला तो यासाठी.

वकील तरुण होता. त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं, "त्या औषधाच्या बाटल्या आहेत का? एखादी तरी?"

"एक काहून? लय आहेत," जाऊ म्हणाली.

होत्याच. जाड काचेच्या, रबरी बुचाच्या, बोटाएवढ्या बाटल्या. त्या फेकायच्या कशाला? जाऊ काजळ फार चांगलं धरायची. एरंडेलाच्या दिव्यावर ताटली पालथी घालून धरलेलं, लोण्यात खललेलं. वस्तीत कोणाचंही बारसं असलं की ती त्या बाटलीत काजळ भरून द्यायची. आम्ही दुसऱ्याच दिवशी त्या गोळा करायला निघालो. भर दुपार होती. गल्लीत माणूस नव्हतं, कुत्रंही नव्हतं. दार वाजवलं की आतल्या काळोखातून एक हात बाहेर यायचा आणि हातात बाटली असायची. मागून काजळ घातलेली पोरं डोळे चोळत उठून यायची आणि आमच्याकडे बघत राहायची. तिनं स्वतःला होऊ दिली नाहीत त्या पोरांच्या बाटल्या दुसऱ्यांच्या पोरांजवळ होत्या. पदरात त्या एकमेकींवर वाजायच्या. मला वाटलं, अशीच चालत राहिले तर घर येणारच नाही.

वकिलानं त्या टेबलावर मांडल्या. एकेक उचलून उजेडात फिरवली.

"मावशी, यांच्यावर तर काहीच लिहिलेलं नाही."

"कसं राहीन? राखेनं घासल्या मी. सुरीनं खरवडल्या."

आमच्याकडे बाळाच्या घरी औषधाचा कागद लावलेली वस्तू देत नाहीत. त्या कागदाबरोबर आजारपण घरात जातं म्हणतात.

वकिलानं चष्मा काढून तोंड पुसलं. "मावशी, अख्खा पुरावा धुऊन टाकला तुम्ही."

"तं काय लेकराले दवाईच्या नावाची बाटली देऊ?" जाऊ त्याच्यावरच चिडली.

मग डॉक्टरांची साक्ष झाली. आमच्या वकिलानं विचारलं तेव्हा ते 'असेल' म्हणाले, कंपनीच्या वकिलानं विचारलं तेव्हा 'नसेलही' म्हणाले. दोन्ही वेळा खरंच बोलले. नंतर कंपनीचा वकील व्हरांड्यात आला. माणुसकी म्हणून आम्ही पैसे देतो, पण औषधाचा दोष नाही असं मान्य करून दावा मागे घ्या, म्हणाला. आमचा वकील म्हणाला, घ्या. मी चौथी शिकलेली. कागद तिला वाचून दाखवला.

"दोष नाही असं लिहिलं आहे," मी म्हटलं. "पण दवाईले लागन. घे."

तिचं डोकं माझ्या खांद्यावर, डोळे मिटलेले. कूलरमधून पाणी ठिबकत होतं. मला वाटलं झोपली.

"त्या वाडीवालीले वाचता येते का वं?" तिनं डोळे न उघडता विचारलं.

"तिले कुठलं येते!"

"मंग आण इकडं," ती म्हणाली आणि अंगठा पुढे केला.

कंपनीनं पैसे दिले ही बातमी आमच्या आधी वाडीला पोचली. आठवड्याभरात मुलाची आई आली. खाटेच्या कडेला बसली. मुलीनं चहा आणून पुढ्यात ठेवला, तो तिनं घेतला नाही. सोयरिकीचं मनात नसलं तर बाई चहाला हात लावत नाही, हे आम्हाला कळत होतं. मुलगी दाराआड उभी होती.

"खरं सांगा," मुलाची आई म्हणाली, "सुईच होती ना?"

मला ते तेव्हा माहीत नव्हतं, आजही नाही. मी जाऊकडे पाहिलं. ती उशीवर पडल्या पडल्या हसली.

"कंपनी काय माह्या मामाची आहे? काहून देल्ले तिनं पैसे?"

वाडीवाली विचारात पडली. पंख्याखाली चहावर साय धरली होती.

"हेबी खरं आहे," ती शेवटी म्हणाली. "फुकट कोन देते?"

तिनं बोटानं साय बाजूला सारली आणि गार झालेला चहा बशीत न ओतता तसाच पिऊन टाकला.