लाल पेनाची शिफारस

मी सहीसाठी लिहून नेलेलं माझं शिफारसपत्र साहेबांनी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं. 'विश्लेषण' या शब्दावर थांबले. हसले. लाल पेनानं तो खोडून वर लिहिलं, 'टायपिंग'.

"डेटा अ‍ॅनालिटिक्स? तू? अगं, आकडे भरणं वेगळं, त्यातलं कळणं वेगळं. मिठागरातून इथवर आलीस, खूप झालं की."

ऑफिस हसलं. मीही हसले. त्याची लाज अजून जात नाही.

बी.एस्सी. होऊन मी वसई पूर्वेच्या प्लास्टिक कारखान्यात सहा वर्षं रोजचा बाद माल एक्सेलमध्ये भरत होते. आता पुढं आकड्यांचं विश्लेषण शिकायचं होतं. एक कोर्स खासगी संस्थेचा, शनिवार-रविवारचा. नोकरी टिकली असती, पण साहेबांचं पत्र हवं. दुसरा विद्यापीठाचा, पूर्णवेळ. तिथं पत्र नको, प्रवेश परीक्षा. पण नोकरी सोडायची. मी पहिला निवडला होता. घाबरून, दुसरं काय!

आणि मला कळत नाही म्हणे. गेल्या वर्षी नायलॉनच्या भागांवर चंदेरी रेघा पडून माल बाद व्हायचा. सगळे मशीनवाल्यांना शिव्या घालत होते. मी आठ महिन्यांच्या नोंदी तारीखवार लावल्या, शेजारी वाऱ्याची नोंद ठेवली. खाडीकडून ओला वारा सुटला की माल जास्त बाद. उघड्या गोण्यांतले नायलॉनचे दाणे ओल धरत होते. हे मला कुठल्या कोर्सनं शिकवलं नव्हतं. मिठागराच्या बांधावर उभे राहून बाबा म्हणायचे, "बाय, वारा वला हाय. आज मीठ धरनार नाय."

गोण्या झाकल्या, माल सुधारला. साहेबांनी माझाच तक्ता मालकांना दाखवला. बक्षीस त्यांना, पेढा मला. तोही अर्धा.

"नीट टाईप करून आण, सही करतो," साहेब म्हणाले.

जागेवर बसले. त्यांनी लाल पेनानं सुधारलेलं वाचलं: 'आज्ञाधारक. टायपिंग उत्तम.' माझा अपमान मीच टाईप करायचा, वर आभार मानायचे. बोटं चालेनात. उठले, पत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं.

"सही नको, साहेब."

"मग प्रवेश कसा मिळणार?"

"परीक्षा देऊन."

"नापास झालीस तर?"

"पुन्हा देईन."

या वेळी कुणी हसलं नाही.

विद्यापीठाचा फॉर्म भरला. पगार बंद होणार म्हटल्यावर आई रडली. मलाही भीती वाटते, उगाच शूरपणा कशाला सांगू? पण राजीनामा टाईप केला तो थेट मालकांच्या नावानं. सोबत वाऱ्याचा तक्ता जोडला, माझ्या पहिल्या कच्च्या नोंदींसकट. खाली एकच ओळ लिहिली: 'हे विश्लेषण माझं आहे.'

उत्तर आलेलं नाही. येवो न येवो. परीक्षेत कितीही वेळा आपटले तरी चालेल, माझ्या डोक्याचा दाखला मागायला मी पुन्हा कुणाच्या टेबलापुढं उभी राहणार नाही.