मामांच्या बक्षिसाची शेड

आमच्या पिंपळवंडीच्या मामांइतकं दान सरकारला आजवर कोणी केलं नसेल, आणि त्याचा पत्ता खुद्द सरकारलाही नाही. दर आठवडे बाजारी मामा ओतूरला जाणार, एसटी स्टँडसमोरच्या टपरीवरून सरकारी लॉटरीचं एक तिकीट घेणार, घरी येऊन ते गणपतीच्या तसबिरीमागे खोचणार आणि निकाल मात्र जन्मात बघणार नाहीत. मुदतीत कोणी मागायला आलं नाही तर बक्षीस सरकारजमा होतं, हे त्यांना कुठूनसं कळलं होतं. आणि सरकारजमा म्हणजे रस्ते, शाळा, दवाखाने, हा अर्थ त्यांनी स्वतःच लावून टाकला. "अहो, पण आधी लागलंय का ते तरी बघा," मी म्हणायचो. "बघितलं म्हंजी घ्यायचा मोह व्हतो, भाचेबुवा!" मुदत संपली की तिकीट फाडून घरोघर पेढे. मामी पेढा तोंडात टाकून म्हणायची, "कर्णाचा अवतार! माझं शिलाई मशीन बी त्यातच गेलं आसंल."

तालुक्यात नवं काही झालं की मामा तपासायला हजर. नव्या मोरीवर काठी आपटून बघत, दवाखान्याच्या नव्या पंख्याखाली उगाच तासभर बसून येत. अंगणवाडीच्या भिंती बघून तर त्यांनी ग्रामसेवकालाच झापलं, "माझ्या पैशात आसला फिका रंग?" पण त्यांचा जीव अडकला होता फाट्यावर. तिथे एसटीला शेड नव्हती. ओतूरच्या कॉलेजला जाणाऱ्या पोरी उन्हापावसात उभ्या असत. मामांची धाकटी लेक तिथेच तापून-भिजून कंटाळली आणि कॉलेज सोडून घरी बसली. तो विषय निघाला की मामांचा आवाज खाली जायचा.

एकदा टपरीवालाच मोटरसायकल दामटत आला. गिऱ्हाइकांच्या तिकिटांचे नंबर तो वहीत टिपून ठेवायचा. "मामा, लागला तुमचा नंबर! मशीन यून वर पैसं उरत्याल!" मामांचा चेहरा खर्रकन उतरला. आता माहीत झालं, आता दान कसं करायचं? मामीने मशीनसाठी खिडकीजवळची जागा झाडूनही घेतली. मामांना अन्न गोड लागेना. मुदतीच्या शेवटच्या दिवशी सकाळी त्यांनी तिकीट मामीच्या हातात दिलं. "तू म्हणशील तसं."

मामीने त्या कागदाची घडी केली, खिडकीजवळच्या झाडलेल्या जागेकडे एकदा बघितलं. मग तिने तो पुन्हा तसबिरीमागे खोचला. "ऱ्हाऊ द्या. पोरींना सावली व्हईल." त्या खेपेचे पेढे तिने स्वतः आणले. माणसं वेडी असावीत तर अशी, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

मामा गेले, आणि वर्षभरात फाट्यावर शेड झाली. ती कुठल्या निधीतून झाली ते बोर्डावर ठळक लिहिलंय. त्याचा लॉटरीशी काडीचा संबंध नाही. परवा मामीला घेऊन मी तिथे एसटीची वाट बघत बसलो होतो. एक परका माणूस खांबाशी थुंकायला वाकला, तशी मामी ताडकन उठली.

"अवो पावणं, हितं न्हाई! आमच्या बक्षिसाची शेड हाय ही."

त्याने बोर्ड वाचला आणि माझ्याकडे बघितलं.

"त्यांचीच आहे," मी म्हणालो.