बापाचा तळहात

माझ्या वडिलांचा तळहात म्हणजे जुन्या चपलेचा तळ. पिवळट, जाड, भेगाळलेला. कडोदऱ्याला कापड विणायच्या लूमच्या कारखान्यात राबून हात असा झाला, असं ते सांगायचे. डिंडोलीतल्या आमच्या गल्लीत कुणी कामाची कुरकुर केली की हाच हात पुढे करायचे. दादाचे आणि माझे हातपाय शाळेत असल्यापासूनच तसे. आम्ही दोघांनी लूमला बोटसुद्धा लावलं नव्हतं, पण एवढी साधी गोष्ट कुणाच्या टाळक्यात शिरली नाही. खाण तशी माती, म्हणायचे वडील, आणि गरम भाकरीचा पहिला तुकडा मोडून मला द्यायचे.

धाकट्या भावाचे हात मात्र आईसारखे मऊ. "हाऊ मना नही," वडील चारचौघांत सांगायचे. हा माझा नाही. पुरावा काय, तर तळहात! त्या पुराव्यावर त्यांनी आईला जन्मभर मारलं. मारून झालं की मला जवळ ओढायचे, माझा हात आपल्या हातावर ठेवून म्हणायचे, हाई मन्ही पोर शे, ही माझी पोर. आई भांडी घासत ते ऐकायची.

वडील गिळता न येऊन मेले. तंबाखूने नेलं, असं सगळे म्हणाले. दादाने त्या दिवशी शपथ घेतली आणि तंबाखूला कधी शिवला नाही. काय उपयोग झाला, डोंबल! चाळिशीत त्याच्याही घशाखाली भाकरी अडकायला लागली. मग भात, मग पाणीसुद्धा.

दुर्बीण घालून त्याच्या अन्ननलिकेतला तुकडा काढला. कॅन्सर निघाला. पण तुकडा तपासणाऱ्या डॉक्टरीणबाईंना काहीतरी खटकलं. गाठीपासून लांबचं, धड दिसणारं अस्तरही नको तितकं जाड होतं. त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. मला वाटलं, घसा बघतील. बाईंनी दादाचे तळहात बघितले, मग मोजे काढायला लावले. मग माझ्याकडे वळल्या.

"बेन, तुमचेही दाखवा."

हे घट्टे कामाचे नाहीत, असं त्यांनी सांगितलं. एका जनुकात बिघाड असतो, अगदी मोजक्या घराण्यांत. तोच तळवे जाड करतो आणि पुढे अन्ननलिकेत कॅन्सर आणतो. म्हणजे आम्ही ज्या हातांची मिजास केली ते आजाराचं लक्षण होतं. आम्हा तिघा भावंडांचं रक्त तपासायला गेलं. उत्तर येईपर्यंत मी प्रत्येक घास गिळताना थांबून बघायची, अडकला का. तिकडे दादाच्या पोटात नळी बसवली. भाकरीचा वास आला की तो रडायचा, म्हणून आईने घरात भाकरी थापणंच सोडलं.

बिघाड दादात होता. माझ्यातही होता. धाकटा सुटला.

दरवर्षी दुर्बीण घालून बघायचं, लवकर सापडलं तर वाचता येतं, असं बाई मला समजावत होत्या. आई शेजारी बसली होती. तिने माझ्याबद्दल काही विचारलं नाही. धाकट्यात का नाही, एवढंच विचारलं. बाई म्हणाल्या, बापाचा बिघाड मुलात उतरतो किंवा नाही उतरत, दोन्ही सारखंच शक्य. आईने मान वर केली.

"म्हणजे मऊ हाताचं पोरगंही त्याच बापाचं असू शकतं?"

"असू शकतं म्हणजे काय, निम्मी मुलं तशीच असतात," बाई म्हणाल्या.

घरी येऊन आईने परातीत पीठ मळलं आणि तवा ठेवला. दादा भिंतीकडे तोंड करून पडला होता. वास आतपर्यंत गेला. मी म्हटलं, आई, अगं त्याचा तरी विचार कर. ती भाकरी थापत राहिली. पहिली भाकरी तिने धाकट्याच्या ताटात टाकली. दुसरी माझ्यापुढे ठेवली, माझा हात धरून उलटा केला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला.

"बापनी पोर शेस ना तू? मंग आते भोग."

आतून दादाच्या हुंदक्यांचा आवाज येत होता. धाकटा खाली मान घालून जेवत होता. मी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि चावत राहिले. गिळायची हिंमत होईना.