तांड्यावरची बीपी तपासणी

ईसीजी नॉर्मल आला, तशी कमलबाई रडायलाच लागली.

"काहून रडता? हृदय ठणठणीत आहे तुमचं."

"म्हणूनच रडून राहिले सिस्टर. आता घरचे म्हणतील, बाई नाटकं करते."

मी हिंगोली जिल्ह्यात गोरेगावकडच्या एका उपकेंद्रात आरोग्यसेविका आहे. कमलबाई तांड्यावरची, सत्तेचाळीस वर्षांची. त्या महिन्यात तिसऱ्यांदा आली होती. अचानक छाती धडधडायची, अंगातून जाळ निघायचा, घामानं पोलकं भिजायचं. मी तिच्याबरोबर आलेल्या नवऱ्याला बाहेर बसवलं आणि पाळीचं विचारलं.

"कधी येते, कधी दोन-दोन महिने न्हाई."

पाळी कायमची जाण्याआधी काही वर्षं शरीरातली हार्मोन्स वरखाली होतात. त्याला पेरिमेनोपॉज म्हणतात. हे समजावल्यावर कमलबाईनं एवढंच विचारलं, "मंग बाकीच्या बाया काहून बोलत न्हाईत?"

मी आमच्या डॉक्टरांना म्हटलं, "सर, तांड्यावर मीटिंग घेते. विषय पाळी जाण्याचा."

"कोणी येणार नाही सिस्टर. सूचनेत बीपी तपासणी लिहा."

तसंच लिहिलं. अंगणवाडीत अकरा जणी आल्या. मी तक्ता लावून बोलले. सगळ्या जमिनीकडे बघत बसल्या. शेवटी कमलबाईच उठली आणि स्वतःचं सगळं सांगून मोकळी झाली.

मग बांधच फुटला. एक म्हणाली, "मला राग येतो. सुनेवर ओरडते, मंग मीच रडते." दुसरीला दिवस गेले असं वाटलं होतं, लाजेनं तिनं कुणाला सांगितलंच नव्हतं. तिसरी हसली, "मला कायबी झालं न्हाई बाप्पा. गेली ती गेली, सुटले!" एक जण पदर तोंडाला लावून म्हणाली, "मालक जवळ आले की लई दुखतं." कुणी हसलं नाही. दोघी-तिघींनी नुसत्या माना हलवल्या. मी बावीस वर्षं या बायांची बाळंतपणं केली, नसबंदीसाठी त्यांना घेऊन गेले. यातलं एकही वाक्य मला ठाऊक नव्हतं.

कोपऱ्यातून जिजाबाई बोलली. "म्हंजे माझं बी बराबरच हाय. दीड महिना झाला, अंगावरून जायचं थांबतच न्हाई."

'वयाचं आहे, होतं असं,' हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. तेवढ्यात कमलबाई म्हणाली, "सिस्टर, इतकं असतंय का? तिचे ओठ बघा, पांढरे पडलेत."

मी जिजाबाईची पापणी खाली ओढून पाहिली. आत लाली नव्हतीच. हिमोग्लोबिन साडेपाच निघालं. बाईचं बारा तरी असावं लागतं. लगेच ॲम्ब्युलन्स बोलावली. जिजाबाईचा मुलगा पुण्याला, नवरा वारलेला. सोबत कोण जाणार, असं विचारेपर्यंत कमलबाई आत चढून बसली होती. जिचा धडधडीनं जीव घाबरा व्हायचा, ती हिंगोलीच्या दवाखान्यात चार दिवस जिजाबाईच्या खाटेपाशी बसली.

सोनोग्राफीत गर्भाशयात मोठी गाठ दिसली. आधी रक्त चढवलं, मग ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. जिजाबाई आता शेतात जाते. कमलबाईला अजून घाम सुटतो, पण धडधडीला ती घाबरत नाही आणि नवरा उठून फॅन लावतो.

मी मात्र एक नियम केला. 'वयाचं आहे' हे दोन शब्द तपासणी झाल्यावर बोलायचे, आधी नाही.